रोजचे छत्तीस टन

एक युनिट वीज म्हणजे 860 किलोकॅलरी उष्णता. ही निसर्गाची अट आहे, तीत घासाघीस चालत नाही. आमच्या 210 मेगावॅटच्या संचाला मात्र तेवढी वीज तयार करायला साधारण 2500 किलोकॅलरी लागायच्या. म्हणजे भट्टीत टाकलेल्या कोळशातली जेमतेम एक तृतीयांश उष्णता वीज होऊन तारांत जायची. बाकीची काही धुराड्यातून, काही राखेतून आणि सगळ्यात मोठा वाटा कंडेन्सरमधल्या थंड पाण्याबरोबर निघून जायचा. एका युनिटमागे किती किलोकॅलरी खर्च झाल्या या आकड्याला औष्णिक केंद्रात हीट रेट म्हणतात. माझ्या नोकरीची बरीच वर्षं या एका आकड्याच्या मागे गेली.

210 मेगावॅटचा संच पूर्ण भारावर चोवीस तास चालला तर 50 लाख 40 हजार युनिट होतात. 3500 किलोकॅलरीचा कोळसा धरला तर त्यासाठी दिवसाला 3600 टन जाळावे लागतात, जवळजवळ एक पूर्ण मालगाडी. हीट रेट 25 नं सुधारला, म्हणजे फक्त एक टक्का, तर रोज 36 टन कोळसा वाचतो. आपल्याकडच्या कोळशात 35 ते 40 टक्के राख असते, तेव्हा तेरा-चौदा टन राखही वाचते. ती बंधाऱ्यापर्यंत ढकलायला लागणारं पाणी वाचतं, पंपाची वीज वाचते. हे 36 टन माझ्या डोक्यात कायमचे बसले. पुढे कोणतंही काम हाती घेताना मी आधी विचारायचो, यातून किती टन?

विदर्भातल्या एका केंद्रात मी बॉयलर मेंटेनन्सला लागलो आणि काही वर्षांनी माझी एफिशियन्सी सेलमध्ये बदली झाली. सहकारी म्हणाले, आता आराम आहे तुला. रात्री-बेरात्री ट्यूब फुटल्याचे फोन नाहीत, पाळ्या नाहीत. खरं होतं ते. पण बॉयलरची फुटलेली ट्यूब सगळ्यांना दिसते, तिच्यासाठी मुख्य अभियंत्यापासून वेल्डरपर्यंत सगळे धावतात. हीट रेट 2500 चा 2560 झाला तर कुठेही घंटा वाजत नाही, संच चालूच असतो, निर्मिती तेवढीच होते. नुकसान फक्त कोळशाच्या बिलात असतं आणि ते बिल ज्याच्या टेबलावर जातं त्यानं टर्बाइन हॉल पाहिलेला नसतो.

त्यातून ती वर्षं भारनियमनाची. 2005 नंतर कित्येक वर्षं महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दिवसाला बारा-बारा तास वीज नसायची. सकाळच्या बैठकीत पहिला आणि शेवटचा प्रश्न एकच असायचा, काल किती एमयू (दशलक्ष युनिट) झाले? अशा वेळी कंडेन्सरच्या नळ्या साफ करायला संच बंद द्या म्हणणारा माणूस नकोसाच वाटणार. आम्ही मधला मार्ग काढायचो. रविवारी रात्री मागणी उतरली की भार साठ टक्क्यांवर आणायचा, कंडेन्सरचा अर्धा भाग बंद करायचा, मॅनहोल उघडून माणसं आत घालायची आणि एकेका नळीतून पाण्याच्या दाबानं नायलॉनच्या गोळ्या मारायच्या. नळीच्या दुसऱ्या टोकाला चिखल आणि क्षार भसकन बाहेर पडायचे. सकाळच्या मागणीच्या आत भार परत वर. मला त्या काळच्या वरिष्ठांचा राग येत नाही, बाहेर लोकांच्या विहिरींवरचे पंप बंद होते आणि मुलं कंदिलात अभ्यास करत होती. पण तेव्हा पुढे ढकललेल्या ओव्हरहॉलची किंमत पुढची अनेक वर्षं कोळशात मोजली गेली, हेही तितकंच खरं. ती किंमत कोणत्याही वार्षिक अहवालात वेगळ्या ओळीवर आलेली मला आठवत नाही.

कंडेन्सरबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण माझं सगळ्यात जास्त शिक्षण तिथंच झालं. टर्बाइनमधून काम करून आलेली वाफ तिथं पाणी होते आणि एकदम आकसते, म्हणून आत जवळजवळ निर्वात पोकळी राहते. ही पोकळी, म्हणजे आमच्या भाषेत व्हॅक्यूम, जितकी चांगली तितकं वाफेकडून जास्त काम निघतं. आमच्या संचाच्या आखणीत कंडेन्सरमधला दाब 76 मिलिमीटर पारा होता. एका हिवाळ्यात तो नव्वदीच्या वर जाऊन बसला आणि उतरेना. आमच्या संचापुरता ढोबळ हिशोब असा की एक मिलिमीटर दाब वाढला की हीट रेट दोनानं बिघडतो. पाणी गार होतं, नळ्या नुकत्याच साफ केल्या होत्या. मग उरली हवा. पोकळी असल्यामुळे कंडेन्सर बाहेरची हवा ओढून घेतो, जिथं फट मिळेल तिथून. ही हवा नळ्यांभोवती पातळ थर धरून बसते आणि वाफेची उष्णता पाण्यापर्यंत पोचू देत नाही. व्हॅक्यूम पंप थोडा वेळ बंद करून दाब मिनिटाला किती वाढतो ते पाहिलं. गळती होती, आणि चांगलीच होती.

पण कुठं? टर्बाइनच्या खालच्या मजल्यावर शेकडो फ्लँज, व्हॉल्व्ह, वेल्ड. तिथं उन्हाळा-हिवाळा सारखाच, अंगातला शर्ट दहा मिनिटांत भिजतो आणि आवाज इतका की माणसं हातवाऱ्यांनी बोलतात. टर्बाइन मेंटेनन्समध्ये निवृत्तीला आलेले एक मिस्त्री होते. जनरेटरमध्ये हायड्रोजन असतो, त्यामुळे गळती शोधायला उघडी ज्योत घेऊन फिरायचं नाही हा त्यांचा दंडक. ते खिशात शेव्हिंग फोमचा डबा ठेवायचे. संशयित जागेवर लिंबाएवढा फेस लावायचा आणि नुसतं बघत उभं राहायचं. जागा घट्ट असेल तर फेस तसाच राहतो. फट असेल तर फेसाच्या मधोमध खळी पडते आणि तो हळूहळू आत जातो. मोठ्या फ्लँज झाल्या, एक्सपान्शन जॉइंट झाला, टर्बाइनवरचा डायफ्राम झाला, काही नाही. मग लो प्रेशर हीटरच्या व्हेंट लाइनवर, शिडीवरून अंग वाकवून हात पोचेल अशा जागी, एका छोट्या व्हॉल्व्हच्या ग्लँडला त्यांनी फेस लावला. मला बाहीला धरून जवळ ओढलं आणि कानाशी ओरडले, "साहेब, हे पाहा, फेस पिऊन राहिला जी."

ग्लँडमधली पॅकिंग वाळून गेली होती. ग्लँड आवळली, वरून ग्रीस थापलं, नवी पॅकिंग पुढच्या शटडाऊनला टाकली. पाळी संपेपर्यंत दाब दहा मिलिमीटरनं खाली आला होता. म्हणजे रोजचे 28-29 टन. त्या पॅकिंगची किंमत दोन माणसांच्या जेवणापेक्षा जास्त नव्हती.

पुढे हीलियमचं उपकरण आलं. संशयित जागी हीलियमचा फवारा मारायचा आणि व्हॅक्यूम पंपाच्या निकासाशी डिटेक्टर धरायचा, हीलियम आत गेला असेल तर काही सेकंदांत काटा हलतो. उत्तम तंत्र आहे, फेसापेक्षा कितीतरी बारीक गळती पकडतं आणि कुठली गळती मोठी तेही सांगतं. पण ते उपकरण वर्षातून एकदा बाहेरच्या कंपनीबरोबर येतं आणि अहवाल देऊन जातं. मिस्त्री रोज फिरायचे. ते निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही. त्यांच्या हाताखाली तयार झालेला पोरगा कंत्राटदाराकडे होता. कंत्राट बदललं आणि तो सिमेंटच्या कारखान्यात गेला. कार्यक्षमतेवर चर्चासत्रं भरतात तेव्हा मला हा मुलगा आठवतो, कारण केंद्रानं काय गमावलं हे कोणत्याही यादीत लिहिलेलं नव्हतं.

व्हॅक्यूमचं दुसरं टोक कूलिंग टॉवर. बाहेरच्या माणसाला वाटतं, मे महिन्यात पारा 46 वर गेला की टॉवरचे हाल होत असतील. विदर्भातल्या माणसाला हे वेगळं समजावं लागत नाही, कारण घरोघरी वाळ्याचा कूलर असतो. तो मे महिन्यात खोली गारेगार करतो आणि जुलैत नुसता दमट वारा फेकतो. टॉवरही तसाच, हवेतल्या कोरडेपणावर जगतो. आमच्याकडे टॉवरची खरी परीक्षा पाऊस सुरू झाल्यावर व्हायची. मे महिन्यातलं खरं संकट वेगळं असतं, पाणीच नसतं. 2010 च्या उन्हाळ्यात इरई धरण आटलं आणि चंद्रपूरचे संच बंद ठेवावे लागले. परळीचं केंद्र 2013 मध्ये आणि पुन्हा 2015 मध्ये पाण्यावाचून बंद पडलं. कोळशातली जवळजवळ निम्मी उष्णता आपण पाण्याची वाफ करून आकाशात सोडतो, तेव्हा हीट रेट सुधारला की पाणीही वाचतं, हा मुद्दा मी दर बैठकीत मांडायचो. कोराडीच्या 660 मेगावॅटच्या संचांना नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून वापरायची योजना झाली, ती मला महाराष्ट्रातल्या वीजनिर्मितीतली फार महत्त्वाची गोष्ट वाटते. तिचं कौतुक व्हायला हवं तेवढं झालं नाही.

केंद्र स्वतःही वीज खातं. त्याला सगळे ऑक्झिलरी म्हणतात. 210 च्या संचात ती साडेआठ टक्क्यांच्या घरात, म्हणजे अठराएक मेगावॅट. त्यात सगळ्यात मोठा खादाड बॉयलर फीड पंप, त्याची एकट्याची मोटर साडेतीन-चार मेगावॅटची. या पंपाला पाणी कमी पडू नये म्हणून एक रीसर्क्युलेशन व्हॉल्व्ह असतो. भार वाढला की तो पूर्ण बंद व्हायला हवा. त्याची सीट झिजली तर चौरस सेंटिमीटरला पावणेदोनशे किलोच्या दाबापर्यंत चढवलेलं पाणी गुपचूप मागच्या टाकीत परत जातं आणि पंप तेच पाणी पुन्हा चढवत बसतो. कंट्रोल रूमच्या पडद्यावर व्हॉल्व्ह बंद दिसतो. खरं काय ते पाइपवर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखला की कळतं, किंवा कान जरा जवळ नेला की.

एअर प्रीहीटरचंही तसंच. धुराची उष्णता घेऊन भट्टीची हवा तापवणारं हे भलंमोठं फिरतं चाक, त्याच्या कडेच्या सील झिजल्या की हवा भट्टीत न जाता थेट धुरात शिरते. प्रीहीटरच्या आधी धुरात ऑक्सिजन साडेतीन टक्के आणि नंतर साडेसहा भरला तर गळती अठरा-एकोणीस टक्के झाली असं समजायचं. ही फुकट हवा ओढत बसतो धूर धुराड्याकडे खेचणारा आयडी फॅन. पुढे मी ऊर्जा ऑडिटला गेलेल्या एका केंद्रात आयडी फॅनला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) बसवायचा प्रस्ताव मंजूर झाला होता आणि सील बदलायचा प्रस्ताव निधीअभावी पडून होता. व्हीएफडी चांगलीच गोष्ट आहे. डँपर आवळून फॅनचा गळा दाबण्यापेक्षा त्याचा वेग कमी करणं केव्हाही शहाणपणाचं, वीज पुष्कळ वाचते. पण आधी सील बदला, महिनाभर चालवा, मग फॅनला खरंच किती हवा ओढायची आहे ते मोजा आणि त्या मापाचा व्हीएफडी घ्या, असं मी लिहून दिलं. नव्या यंत्राची फीत कापता येते, म्हणून पैसा तिकडे लवकर वळतो. सील बदलल्याचा फोटो कोणी काढत नाही.

आता कोळसा. इथं मला जरा कडक लिहावं लागेल. हीट रेट काढायचा तर जाळलेल्या कोळशाचं वजन आणि त्याचा उष्मांक माहीत हवा. वजन पट्ट्यावरच्या काट्यानं कळतं. उष्मांकाची गोष्ट अवघड आहे. एका रेकमध्ये 58-59 वाघिणी, चार हजार टनांच्या आसपास माल. त्यातून ठरावीक वाघिणींतले नमुने काढायचे, फोडायचे, ढीग करायचा, ढीग वरून चपटा करून त्याचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे. पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. असं करत करत शेवटी मैद्यासारखी पूड होते आणि त्यातली एक ग्रॅम पूड बॉम्ब कॅलरीमीटरमध्ये जळते. त्या एका ग्रॅमवर चार हजार टनांची पैशाची आणि कार्यक्षमतेची गणितं उभी राहतात.

ढीग करणारी बाई दुपारच्या उन्हात, तोंडाला पदर बांधून, फावड्यानं हे काम करते. मोठे दगड बाजूला सारले की फावडं सोपं चालतं, पण दगड बाजूला गेले की नमुना चांगला दिसतो. ओला कोळसा चाळणीला चिकटतो म्हणून कोरडा घेतला तरी नमुना चांगला दिसतो. उष्मांकात शंभराची चूक झाली तर हीट रेटमध्ये सत्तरचा फरक पडतो. आम्ही महिनाभर राबून व्हॅक्यूममध्ये वीस कमावायचे आणि नमुन्याच्या ढिगाऱ्यात सत्तर हरवायचे. म्हणून मी प्रयोगशाळेच्या मागच्या त्या शेडमध्ये बसू लागलो. त्या बायकांना दोन गोष्टी समजावल्या, दगड का फेकायचा नाही आणि चार भाग का पाडायचे. त्यांना ते एकदा सांगून पुरलं. याआधी कोणी सांगितलंच नव्हतं. खाणीच्या कागदावरचा दर्जा आणि आमच्या बंकरात पडणारा कोळसा यांत तफावत हा देशभराचा जुना वाद आहे, त्रयस्थ संस्थेकडून नमुने तपासायची पद्धत त्यासाठीच आली. पण वादात बोलायचं असेल तर आपला ढीग आधी सरळ हवा.

2001 चा ऊर्जा संवर्धन कायदा मार्च 2002 पासून लागू झाला, ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो उभा राहिला आणि 2012 पासून पॅट योजना आली. पहिल्या फेरीत देशातले 478 मोठे ग्राहक होते, आठ उद्योगांतले, त्यात औष्णिक केंद्रंही. प्रत्येकाला उद्दिष्ट, तीन वर्षांत गाठायचं. जास्त बचत केली तर प्रमाणपत्रं मिळायची, एक प्रमाणपत्र म्हणजे एक टन तेलाइतकी, अर्थात एक कोटी किलोकॅलरी ऊर्जा, आणि ती विकता यायची. उद्दिष्ट हुकलं तर विकत घ्यायची. केंद्रांची तुलना त्यांच्या स्वतःच्याच मूळ आखणीशी होती, जुन्या 210 ला कोणी नव्या 660 च्या शेजारी उभं केलं नाही. हे मला न्यायाचं वाटलं. योजनेचा मोठा उपकार म्हणजे ज्या बैठकीत फक्त एमयू विचारले जायचे तिथं हीट रेटची ओळ आली आणि वित्त विभागाला आमचा फोन नंबर सापडला. पण उद्दिष्ट तिसऱ्या वर्षी मोजलं जायचं, म्हणून काही ठिकाणी पहिली दोन वर्षं शांत जायची आणि तिसऱ्या वर्षी धावपळ. पहिल्या वर्षी झिजलेली सील तिसऱ्या वर्षी बदलली तर मधला कोळसा गेला तो गेलाच. उद्दिष्ट कागदावर पूर्ण झालं म्हणून मला समाधान मानता येत नाही.

गेल्या काही वर्षांत प्रश्नाचं रूपच बदललं. दुपारी सौर वीज भरपूर येते आणि राज्य भार प्रेषण केंद्राकडून कोळशाच्या संचांना भार उतरवायला सांगितलं जातं, आमच्याकडे त्याला बॅकिंग डाऊन म्हणतात. 55 टक्क्यांपर्यंत उतरणं आता रोजचं आहे, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या नियमांनी वाट 40 टक्क्यांकडे नेली आहे. सूर्याची वीज घ्यायलाच हवी, यात मला काडीची शंका नाही. पण अर्ध्या भारावर चालणारा संच प्रत्येक युनिटमागे जास्त कोळसा जाळतो. केंद्रीय वीज नियामक आयोगानं भरपाईसाठी ठरवलेल्या तक्त्यातच 55 ते 65 टक्के भाराला जुन्या धाटणीच्या संचांसाठी हीट रेटमध्ये 6 टक्के वाढ धरली आहे, सुपरक्रिटिकल संचांसाठी 3 टक्के. सहा टक्के म्हणजे माझ्या आयुष्यभराच्या गळत्या शोधण्याच्या कमाईपेक्षा जास्त.

तेव्हा आता काम इथं आहे. मी हल्ली ऑडिटला जातो तिथं पूर्ण भारावरचे आकडे शेवटी मागतो, आधी दुपारचे. बहुतेक ठिकाणी अर्ध्या भारावरही वाफेचा दाब पूर्ण भाराइतकाच ठेवतात आणि टर्बाइनचे व्हॉल्व्ह आवळून भार कमी करतात. पाणी उगीच दीडशे किलोपर्यंत चढवायचं आणि व्हॉल्व्हमध्ये तो दाब घालवायचा. भाराबरोबर दाबही खाली आणला तर फीड पंपाची वीज लगेच उतरते. ऑपरेटर याला बिचकतात आणि त्यांचं बिचकणं समजण्यासारखं आहे. ड्रमची पातळी हलते, कोळसा दळणाऱ्या मिल कमी चालल्या की भट्टीतली ज्योत डळमळते, तेलाचा आधार द्यावा लागला तर सगळी बचत त्यात जाते, आणि संच ट्रिप झाला तर जाब त्यांनाच द्यावा लागतो. म्हणून आम्ही डेस्कवर त्यांच्या शेजारी उभं राहून, पाच-पाच किलोनं दाब उतरवत, प्रत्येक टप्प्यावर तासभर थांबून हे करतो. दोन दुपारी त्यांनी स्वतः पंपाचे अँपिअर पडताना पाहिले की तिसऱ्या दुपारी मला बोलवत नाहीत, स्वतःच करतात.

याच कामात एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते आहे. भार उतरला की टर्बाइनच्या मधल्या टप्प्यांवरचा दाबही उतरतो आणि पूर्ण भारावर जे हीटर, ज्या नळ्या वातावरणापेक्षा जास्त दाबाखाली असतात त्यांतल्या काही आता पोकळीत येतात. सकाळी ज्या फ्लँजमधून वाफेचा बारीक फुगारा बाहेर यायचा ती दुपारी हवा आत ओढते. पूर्ण भारावर केलेली हीलियमची चाचणी ही जागा दाखवतच नाही. आता मी अहवालात लिहितो की हवागळतीची तपासणी दुपारी बारा ते तीन, 55 टक्के भारावर, दर महिन्याला करावी, आणि ती करणारा तंत्रज्ञ केंद्राच्या स्वतःच्या पटावर असावा. पहिल्या सूचनेला लगेच होकार येतो. दुसरीसाठी मी अजून पत्रं लिहितो आहे.